उजाळा, झाक आणि नाण्याचा इतिहास

पोतदार हे आज आपल्याला आडनाव म्हणून परिचित आहे. मुळात ते एका कामाचे नाव. खजिन्यात भरणा होणाऱ्या नाण्यांची पारख करणारा, कोणता रुपया पुऱ्या दामाने घ्यायचा आणि कोणत्यावर किती बट्टा कापायचा हे ठरविणारा तो पोतदार. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालविताना जी तूट सोसावी लागे तिला बट्टा म्हणत. पुढे माणसाच्या नावालाही बट्टा लागू लागला. नाणे खणखणीत वाजवून घेणे, कसाला उतरणे, खोटे नाणे चालविणे अशा शब्दप्रयोगांची एक रांगच मराठीत आहे आणि या सर्वांमागे पोतदाराचा एकच प्रश्न उभा आहे : धातू खरा की खोटा?

आज जुन्या चांदीच्या नाण्यांच्या संग्राहकांपुढे असलेला प्रश्न याहून निराळा, आणि काहीसा विचित्रही आहे. धातू खरा आहे, ठसा खरा आहे, वजन पुरे भरते. परंतु नाण्यावर जी काळसर, सोनेरी वा निळीजांभळी छटा चढली आहे ती खरी की खोटी? संग्राहक या छटेला 'टोनिंग' म्हणतात. आपण तिला झाक म्हणू. काळाच्या ओघात आपोआप चढलेली झाक नाण्याची किंमत वाढविते, म्हणून ती दोन दिवसांत चढवून देणारेही निर्माण झाले आहेत. हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या, लिखित कागद विरळ असलेल्या मुलखात तो थेट इतिहासाच्या साधनांचा प्रश्न होतो, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो ओळखीचाही वाटावा असा आहे.

प्रथम ही झाक म्हणजे काय ते पाहू. शुद्ध हवेत चांदी सहसा काळी पडत नाही. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत अत्यल्प प्रमाणात असतो. गंधकयुक्त कागद, लोकर, रबर यांतूनही गंधक चांदीपर्यंत पोचते. त्याच्या संयोगाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. दमट हवेत तो लवकर धरतो. आरंभी त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी आणि वाढत वाढत दहा हजाराव्या भागाच्या घरात जाते. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात त्यांचे कारण आणि नाण्यावरील रंगांचे कारण एकच : पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रा किती जाड आहे यावर कोणता रंग दिसणार हे ठरते.

म्हणूनच या रंगांना क्रम असतो. आधी गवतासारखी फिकट पिवळी, मग सोनेरी, मग तांबूस, जांभळी, निळी, आणि पुढे फिकट निळी. पापुद्रा आणखी वाढला तर पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या छटांचा दुसरा फेरा येतो आणि शेवटी सगळे करड्या-काळ्या रंगात बुडते. नाण्याच्या कडेकडून आत येणारी झाक पाहिली तर हे रंग क्रमाने मांडलेले दिसतात; पिवळ्यातून निळ्यात जाताना तांबूस-जांभळ्याचा पट्टा, मग तो कितीही अरुंद असो, ओलांडावाच लागतो. कोणताही काळ एकदम उडी मारून पुढे जात नाही, हे नाण्याच्या बाबतीत असे डोळ्यांना दिसते.

आता हे नाणे आपल्या मुलखात कसे आले ते पाहू. चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. भोसल्यांचा रुपया मोगल बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांत पाडला जाई. ठसा मोठा आणि नाण्याचा गोळा लहान, त्यामुळे मजकुराचा काही भागच नाण्यावर उमटे. त्यातच सराफ आपल्या पारखीच्या खुणा ठोकीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. कंपनीचा, आणि १८६२ पासून राणीचा, ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला रुपया या जंगलात स्थिरावला. शेतसारा, जंगलातील लाकूडतोड, वरोऱ्याची कोळशाची खाण, सडकेची आणि रेल्वेची कामे अशा वाटांनी तो गावोगाव गेला.

परंतु गेलेला रुपया परत येईच असे नाही. कवडी जशी चलनातून उतरून गोंडांच्या वस्त्राभरणांत राहिली, तसाच रुपयाही गळ्यात राहिला. रुपयाच्या कडेला कडी झाळून ते माळेत ओवायचे ही रीत गोंड आणि माडिया स्त्रियांच्या अलंकारांत चांगली रुजली. ही माळ अलंकार होती तशीच ठेवही होती. अडीअडचणीला एक नाणे काढून देता येई. पुढे १९४० मध्ये सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४० ते १९४३ या काळात जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. हुकूम निघाला म्हणून गळ्यातील माळ खजिन्यात जाते असे नाही. जे रुपये माळेत, मडक्यात, देव्हाऱ्यात वा बटव्यात राहिले ते चलन म्हणून संपले आणि वस्तू म्हणून जगू लागले.

त्या प्रत्येक जगण्याची खूण झाकेत उमटते. गळ्यातील नाण्याचे उंचवटे कापडाला, कातडीला आणि शेजारच्या नाण्याला घासून सतत उजळ राहतात. काळेपणा अक्षरांच्या सांदीत आणि मुकुटाच्या खाचांत दाटतो. घामातील क्षार आणि अंगाचे तेल यांनी तेथे एक चिवट, मळकट थर तयार होतो. वरच्या कडेला कडीच्या झाळीची जागा असते. झाळताना लागलेल्या आचेने तिच्याभोवतीचा रंग बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळा होतो. असे नाणे राणीच्या चेहऱ्यावर झिजलेले आणि तरीही सबंध इंद्रधनुषी रंगांनी झळाळणारे दिसले, तर त्याच्या चरित्रात काही तरी विसंगत आहे असे समजावे.

जमिनीत पुरलेल्या नाण्याचे चरित्र वेगळे. मातीतील क्षारांशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचे करडे-जांभळट कवच बनते, मिश्रणातील तांबे बाहेर येऊन हिरवे डाग धरते, आणि मडक्यात एकावर एक दाबून बसलेल्या नाण्यांवर शेजारच्या नाण्याच्या कडेची चंद्रकोर उमटते. अशा नाण्यावर लखलखता रंगपट सहसा सापडत नाही. 'गुप्तधनातून निघालेले' म्हणून निळेजांभळे नाणे कोणी दाखविले तर मातीचा मागमूस कोठे आहे, हे विचारले पाहिजे. शिवाय जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ती वर्दी कोठे आहे, हेही विचारले पाहिजे.

देव्हाऱ्यातील नाणे तिसऱ्या प्रकारचे. लक्ष्मीपूजनाला ते वर्षातून एकदा बाहेर निघते; दूध-पाण्याने धुतले जाते, कधी राखेने वा रांगोळीने घासलेही जाते; हळदकुंकू लागते आणि पुन्हा वर्षभर डबीत जाते. अशा नाण्याच्या अक्षरांत कुंकवाचा लालसर कण अडकून राहिलेला असतो, सपाट भागावर घासल्याचे केसासारखे बारीक ओरखडे असतात आणि त्यांच्यावर मागील एक-दोन दिवाळ्यांमध्ये चढलेली फिकट पिवळी झाक असते. आणि चौथे, कागदाच्या पुडीत वा कापडी बटव्यात निवांत राहिलेले नाणे. कागदाकडची बाजू अधिक रंगलेली, दुसरी फिकी. कापडाचा उभा-आडवा धागा काही वेळा झाकेत उमटलेला. कोणी रबर लावून ठेवले असेल तर नाण्यावर आडवा काळा पट्टा. ज्यांना संग्राहक सुंदर म्हणतात ती बहुतेक नाणी या चौथ्या वर्गातली असतात. वापरात न आलेल्या नाण्यावर टांकसाळीतील दाबाने धातू पसरताना पडलेल्या सूक्ष्म रेषा शाबूत असतात. नाणे तिरपे फिरविले की त्यांच्यावरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरतो. खरी झाक पातळ असते आणि तिच्या आडून ही फिरती झळाळी दिसत राहते.

बनावट झाक ओळखण्याची लक्षणे याच्या उलट वाचता येतात. गंधकाच्या द्रावणाने वा आचेने घाईत रंगविलेल्या नाण्यावर रंगांचा क्रम तुटतो. शेंदरी ठिपक्याला लागूनच गडद निळा डाग येतो. रंगांच्या कडा विरत जात नाहीत, त्या सांडलेल्या द्रवाच्या असाव्यात तशा तुटक असतात. द्रव अक्षरांच्या पायथ्याशी साचून तेथे गडद डबकी राहतात. खरी झाक पुष्कळदा याच्या विरुद्ध वागते : उठावाच्या अक्षरांभोवती एक फिकट वलय सोडून ती पुढे सरकते. आम्लाने पृष्ठभाग खाल्ला गेला असेल तर ती फिरती झळाळी मेलेली असते आणि रंग नाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो. लाखेचा वा रंगाचा मुलामा असेल तर तो ॲसिटोनमध्ये विरघळतो. सल्फाइडचा पापुद्रा त्याला दाद देत नाही. आणि सर्वांत बोलकी साक्ष ओरखड्यांची. ओरखडा झाकेला चिरून पांढरा चमकत असेल तर तो झाकेनंतरचा. ओरखड्याच्या तळातही तोच रंग उतरला असेल तर झाक ओरखड्यानंतरची. घासल्याचे बारीक ओरखडे रंगाखाली दिसले, की हे नाणे कधी तरी उजळले होते आणि नंतर रंगले, एवढे निश्चित झाले.

या व्यवहाराला एवढे मोल कोठून आले? त्याची एक वाट अमेरिकेतून येते, आणि तिचा आपल्या रुपयाशी जवळचा संबंध आहे. १८७८ पासून तेथे चांदीचे डॉलर मोठ्या संख्येने पाडले गेले आणि हजार-हजारांच्या कापडी थैल्यांतून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये सुमारे २७ कोटी डॉलर वितळविण्यात आले आणि त्यांतील बहुतेक चांदी रुपये पाडण्यासाठी इकडे पाठविण्यात आली. म्हणजे पंचम जॉर्जचा मुखवटा असलेले त्या काळातील अनेक रुपये हे रूपांतरित डॉलर असण्याचा संभव आहे. जे डॉलर वितळले नाहीत ते थैल्यांतच राहिले, आणि १९६० नंतरच्या दशकात त्या थैल्या उघडल्या गेल्या तेव्हा कापडाला टेकलेल्या काही नाण्यांवर विलक्षण रंग चढलेले आढळले. या रंगांना चढी किंमत मिळू लागली आणि किंमतीपाठोपाठ बनावट आली. १९८६ आणि १९८७ मध्ये तेथे नाण्यांची प्रत ठरवून ती डबीत सीलबंद करणाऱ्या दोन मोठ्या संस्था निघाल्या. ज्या नाण्याचा रंग संशयास्पद वाटतो त्याला त्या प्रत देत नाहीत. भारतीय नाणीही आता तेथे पाठविली जातात आणि तीच भाषा आपल्या लिलावांत आली आहे.

येथवर सर्व लक्षणे सांगितल्यावर एक अडचण कबूल करणे भाग आहे. खरी झाक आणि बनावट झाक यांचे रसायन एकच आहे. दोन्ही सिल्व्हर सल्फाइडच. एखाद्याने गंधकयुक्त कागदाच्या पाकिटात नाणे घालून ते खिडकीत दोन वर्षे ठेवले, तर ती झाक कोणती म्हणायची? 'नैसर्गिक' हा शब्द येथे डळमळू लागतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात तर तो अधिकच डळमळतो. बल्लारपूरची कागद गिरणी चालविणारी कंपनी १९४५ साली स्थापन झाली. या जंगलातील बांबू तिचा मोठा कच्चा माल. बांबूपासून रासायनिक लगदा करताना तो सोडियम सल्फाइड असलेल्या द्रावणात शिजवितात आणि त्या प्रक्रियेत गंधकाचे तेच वायू सुटतात जे चांदीला काळे करतात. अशा गिरणीच्या छायेतील घरात पेटीत ठेवलेला रुपया काळा पडला तर त्या काळेपणात निसर्ग किती आणि कारखाना किती? तरीही ती झाक खरी आहे, कारण ती नाण्याच्या जगण्यातून आली. कोणी ती विकण्यासाठी घडविली नाही. रुपया त्याच हवेत राहिला ज्या हवेत त्याचे धनी राहिले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खऱ्या आणि खोट्या झाकेतील भेद पदार्थाचा नाही. तो काळाचा आणि हेतूचा आहे. म्हणून एकटी प्रयोगशाळा तो सोडवू शकत नाही. झीज, ओरखडे, झाळ, कडा, दोन्ही बाजू आणि सांगितली गेलेली हकीकत या सर्व साक्षी एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहावे लागते. हे काम इतिहासाचे आहे.

वरचा थर कोणता आणि खालचा कोणता, या साध्या प्रश्नाने नाणकशास्त्रात किती साधते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला ठेवा. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नव्या ठशाखाली जुना राजा अर्धवट दिसतो, आणि त्या एका क्रमावरून कोण जिंकला, कोण हरला हे वाचता येते. कोणी ती नाणी घासून गुळगुळीत केली असती तर चांदी उरली असती, पराभव पुसला गेला असता.

मराठीच्या अभ्यासकाला ही रीत परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठांचे एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्धीकरण केले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापून प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या भाषेचा जुनेपणा कितपत मूळचा, यावर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आणि वाद केले. शब्दरूपे जुनी असणे पुरेसे नसते. ती जेथे जुनी असायला हवीत तेथे जुनी आहेत का, आणि जेथे वापराने झिजायला हवीत तेथे झिजली आहेत का, हे पाहावे लागते. नाण्याच्या उंचवट्यावर आणि खाचेत सारखाच दाट रंग दिसला की पारखी थबकतो. पाठचिकित्सक प्रत्येक ओळीत सारखाच दाट आर्षपणा दिसला की थबकतो. दोघांचा आक्षेप एकच आहे : हे जुने झालेले नाही, जुने केलेले आहे.

आता मूळ मुलखाकडे परत येऊ. माळेतील रुपया विकायला येतो तेव्हा काय होते? बहुधा तो चांदीच्या वजनाने घेतला जातो आणि आटवला जातो. आटवला नाही तर संग्राहकांच्या बाजारात जाण्यासाठी त्याची कडी काढली जाते, झाळीची जागा कानशीने साफ केली जाते, सगळ्या नाण्याला उजाळा दिला जातो. परंतु उजळलेले नाणे जाणकार घेत नाही. म्हणून कानशीचे आणि उजाळ्याचे ओरखडे लपविण्यासाठी त्यावर झाक चढविली जाते. कडीची खूण, घामाचा थर, गळ्यावरची झीज हे सारे जाते आणि त्या जागी कधीच न घडलेल्या एका निवांत आयुष्याची हकीकत येते. एका बाईच्या गळ्यात तीन पिढ्या राहिलेला रुपया अखेर एखाद्या साहेबाच्या कपाटातून आल्यासारखा दिसू लागतो.

यात ग्राहक फसतो ही तुलनेने लहान गोष्ट. रोख पैसा या जंगलात केव्हा, कोणत्या वाटेने आणि किती खोल गेला, तो कोणाच्या हाती थांबला, यांविषयी सरकारी अहवाल खजिन्याच्या बाजूने बोलतात. ज्यांच्या हाती तो थांबला त्यांनी आपले हिशेब लिहून ठेवले नाहीत. नाण्यावर छापलेले सालही येथे पुरेसे पडत नाही : १८४० साल घातलेले रुपये १८६२ पर्यंत पाडले गेले आणि १८६२ चे साल पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. तेव्हा नाणे केव्हा निघाले हे छापील साल नीट सांगत नाही, आणि ते कसे जगले हे तर मुळीच सांगत नाही. ते सांगणारा मजकूर पृष्ठभागावर आहे, आणि तोच खरवडला जात आहे.

मराठीत आपण आठवणींना उजाळा देतो, इतिहासाला उजाळा देतो. हा वाक्प्रचार सोनाराच्या दुकानातून आला आहे आणि दागिन्याच्या बाबतीत तो योग्यच आहे. नाण्याच्या बाबतीत मात्र उजाळा देणे म्हणजे आठवण पुसणे. तीच गोष्ट पोथीची, शिलालेखाची आणि मौखिक गाण्याची. शेंदूर खरवडताना, अशुद्ध म्हणून शब्द दुरुस्त करताना, लोकगीताला प्रमाण भाषेत बसविताना आपणही उजाळाच देत असतो. आणि पुढे त्यावर 'लोकरंग' चढवितो तेव्हा झाकही.

यावर उपाय फार मोठा नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात विदर्भातील नाण्यांचा संग्रह आहे; परंतु गावातील माळेपर्यंत कोणतीही संस्था विद्यार्थ्याइतक्या सहज पोचत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत आपण विद्यार्थ्यांना म्हणी, गीते, नातेवाचक शब्द गोळा करायला सांगतो. त्याच वहीत एक पान नाण्यांसाठी असावे. नाणे कोणाकडून कोणाकडे आले, माळेत होते की डबीत, कडी कोठे झाळली आहे, कोणती बाजू उजळ आणि कोणती काळी, दोन्ही बाजूंची उन्हात तिरप्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे. मालकिणीचे नाव तिच्या संमतीशिवाय कोठे जाऊ नये, आणि नाणे मागू नये. एवढेच सांगावे, की विकायचे झाले तरी ते घासू नका.